डिझाइनची सुट्टी पेठेत काढायची असेल तर

डिझाइन कॉलेजचं तिसरं वर्ष संपलं तेव्हा माझ्या वर्गातले अर्धे लोक बंगळुरूला गेले, उरलेले मुंबईला. मी नारायण पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोलीत राहिले, कारण जूनअखेरपर्यंतचं भाडं आगाऊ भरलं होतं आणि मालकीणबाई ते परत देणाऱ्यातल्या नव्हत्या. यंदा दोन ज्युनियर मुलींनी विचारलं, ‘ताई, सुट्टीत पुण्यात राहून करायचं काय?’ त्यांच्यासाठी हे.

आधी काम शोधा, आणि ते एप्रिलमध्येच. मी स्टुडिओंना तेवीस मेल पाठवले. दोन उत्तरं आली, दोन्हींत ‘पुढच्या वर्षी बघू’. मग पोर्टफोलिओची लिंक बाजूला ठेवली, स्वतः छापून, घडी घालून केलेल्या तीन वस्तू पिशवीत टाकल्या आणि पेठेतल्या छापखान्यांत चालत गेले. चौथ्या ठिकाणी काका भेटले. त्यांनी माझं डिझाइन पाहिलंच नाही. घडीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “ग्रेन उलटा घेतलायस.” तीन वर्षं शिकून मला हा शब्द नुसता ऐकून माहीत होता. कागद तयार होताना त्याचे तंतू एका दिशेला लोळतात. त्या दिशेने घडी घातली तर ती सरळ बसते, आडवी घातली तर जाड कागदाला कडेने भेगा पडतात आणि शाई उडते. ओळखायचं कसं? तोच कागद उभा आणि आडवा फाडून बघा. जिकडे सरळ फाटत जातो तिकडे ग्रेन. काकांनी मला काम दिलं ते बहुतेक मी लगेच तिथेच कागद फाडायला बसले म्हणून.

बोलणी मात्र लाजून करू नका. किती आठवडे, किती वाजेपर्यंत, पैसे किती, हे पहिल्याच दिवशी विचारा आणि संध्याकाळी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा: ‘काका, आज ठरलं ते असं.’ माझं ठरलं सहा आठवडे, दहा ते सहा, पहिले दोन आठवडे फक्त जेवण आणि बसभाडं, नंतर महिन्याला चार हजारांच्या हिशेबाने. आई फोनवर म्हणाली, “एवढ्यात तर आपल्या दुकानातला पोऱ्यासुद्धा येत नाही.” तिचं बरोबर होतं. शिकत असाल तोवर फुकट चालेल, पण तुम्ही केलेल्या कामाचं बिल गिऱ्हाइकाला लागायला लागलं की पैसे मागायचेच.

छापखान्यात गेल्यावर कॉम्प्युटरपाशी धावू नका. तिथला डीटीपीवाला तुमच्यापेक्षा चौपट वेगाने कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि तुमचे शॉर्टकट त्याच्या काही कामाचे नाहीत. पहिला आठवडा कटिंगपाशी उभ्या राहा. चारी बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर जाणारा जादा रंग, कशाला सोडायचं ते शंभर कागदांचा गठ्ठा पात्याखाली केसभर सरकलेला बघितला की आपोआप कळतं. दुसऱ्या आठवड्यात मशिनपाशी. चार रंगांच्या चार प्लेटा, त्या एकमेकींवर तंतोतंत बसवायच्या. त्या जराशा हलल्या की चारही रंग मिसळून केलेला काळा बारीक मजकूर भुतासारखा दुहेरी दिसतो. म्हणून बारीक अक्षर फक्त काळ्या प्लेटवर. हे वर्गात सांगितलं होतं म्हणे. मी त्या दिवशी आले नव्हते बहुतेक.

मे म्हणजे लग्नपत्रिका. माझ्या हातून पहिली गेली ती अशी: मी घरून फाइल आणली, अक्षरं कर्व्ह न करता, म्हणजे फॉन्टशिवायही दिसतील अशा आकारांत न बदलता. छापखान्याच्या कॉम्प्युटरवर माझा फॉन्ट नव्हता, त्याने त्याच्या मनाने मंगल घातला. मंगल काही वाईट फॉन्ट नाही, र. कृ. जोशींनी केलेला आहे आणि विंडोजवर मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाने तो वाचलाय. पण त्याची रुंदी वेगळी. तळाची ओळ चौकटीबाहेर गेली, शेवटचा शब्द गायब, आणि पत्रिकेवर उरलं, ‘कृपया आहेर आणू’. पन्नासेक प्रती निघाल्यावर मशिनवरच्या मामांनी मोठ्याने वाचून दाखवलं. त्या कागदाचे पैसे माझ्या दुसऱ्या पंधरवड्यातून गेले, तक्रार नाही. फाइल देताना एक प्रत कर्व्ह केलेली, एक मजकूर बदलता येईल अशी, आणि एक पीडीएफ, अशा तिन्ही द्या. आणि प्रूफ डोळ्यांनी नाही, तोंडाने वाचा.

जून लागला की मंडळांची पावती पुस्तकं येतात. नंबर टाकायचे, परफोरेशन (पावती फाडायची भोकांची ओळ) मारायचं, बांधायचं. कंटाळवाणं वाटतं, पण कार्यकर्ता पावती एका हाताने फाडतो, दुसऱ्या हातात त्याच्या नोटा असतात. त्या एका हातासाठी केलेलं डिझाइन मला कॉलेजच्या कुठल्याही ब्रीफपेक्षा अवघड गेलं.

आता प्रदर्शनं. सगळी बघायची हा हट्ट सोडा. बालगंधर्वच्या कलादालनात प्रदर्शनं भराभर बदलतात, शनिवार पेठेतल्या सुदर्शन कलादालनात कमी पण जास्त वेळ थांबायला लावणारी असतात. उद्घाटनाला जाऊ नका. तेव्हा सगळे पाहुण्यांभोवती असतात आणि चित्रांपुढे बटाटेवडे. मधल्या वारी दुपारी जा, चित्रकार एकटाच खुर्चीवर पेंगत असतो आणि कुणीतरी बोलायला हवं असतं त्याला. अभिप्रायाची वही चाळा, चित्रांइतकीच करमणूक होते. बालगंधर्वच्या बाहेर नाटकांचे बोर्ड असतात, तेही बघा, आणि मग एखाद्या जुन्या ग्रंथालयात बसून वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिराती काढा. नाटकांची नावं हाताने रेखाटणाऱ्या कमल शेडग्यांनी केलेली अक्षरं बघितली की आज बोर्डावर फॉन्ट टाइप करून भागवलंय हे लगेच दिसतं.

संग्रहालय एकच निवडा. माझं राजा दिनकर केळकर संग्रहालय, मंडई मेट्रोला उतरून चालत. दिनकर केळकर कवी होते, ‘अज्ञातवासी’ नावाने लिहायचे, आणि लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी हे उभं केलं. संग्रह वीस हजारांवर वस्तूंचा, मांडलेल्या त्यातल्या थोड्याच. तरी पहिल्या दिवशी डोकं गरगरतं. मी सहा वेळा गेले आणि दुसऱ्या खेपेपासून फक्त अडकित्ते बघितले. घोडे, पोपट, जोडपी, काय हवे ते आकार. पण काढायचं काय, तर आकार नाही, बिजागरी. बिजागरी एका टोकाला, सुपारी मध्ये, मूठ दुसऱ्या टोकाला. या तीन अंतरांवर किती जोर लागेल ते ठरतं, घोडा नंतर येतो. फोन बॅगेत ठेवा, पेन्सिलीने काढा, प्रत्येकाची मूठ कुठे जाड होते तेवढंच. पाचव्या खेपेला तिथल्या रखवालदाराने स्वतःहून वज्र्‍या दाखवायला नेलं. पाय घासायच्या वस्तूवर कुणी एवढा पक्षी कशाला घडवेल, यावर आम्ही बराच वेळ बोललो.

कसब्यात तांबट आळीत जायचं तर बाराजणींचा घोळका आणि कॅमेरे घेऊन जाऊ नका, तिथे माणसं कामाला बसलेली असतात. दोघी जा, सकाळी जा, निघताना काहीतरी छोटं विकत घ्या. हातोडीच्या ठोक्यांच्या त्या खुणांना मठारकाम म्हणतात. मला ती नक्षी वाटायची. ठोकून ठोकून तांबं कडक होतं, पातळ पत्र्याचं भांडं त्यामुळे आकार धरून राहतं, हे एका काकांनी मला न ठोकलेला आणि ठोकलेला असे दोन तुकडे वाकवायला देऊन दाखवलं.

मुंबईला एकदा जा. ७:१५ ची डेक्कन क्वीन, मग सीएसएमटीहून काळा घोड्यापर्यंत चालत. जहांगीर आर्ट गॅलरी आणि आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय दोन्ही हाकेच्या अंतरावर. सोमवार टाळा. दोन्ही बघून दमाल, तिसरं काही धरू नका.

कॉलेज सुरू व्हायच्या आधी छापखान्यातून एक गोष्ट मागून घ्या. मशिन जुळवताना मामा नवे कागद वाया घालवत नाहीत, तेच खराब कागद पुन्हा पुन्हा घालतात, त्यामुळे एकेका कागदावर तीन-चार कामं एकमेकांवर छापलेली असतात. माझ्या एका कागदावर नवरा-नवरीच्या नावांवर गणपती आहे आणि त्यावर वॉशिंग पावडरचा डबा. असे साठ कागद मी कॉटखाली ठेवलेत, या वर्षीचं माझं सगळं रंगांचं काम त्यातून निघतंय. आमच्याकडे रद्दीवाला शनिवारी अकराला यायचा. त्याच्या आधी पोचा.