मुलांचं शैक्षणिक ॲप बनवताय? या चुका टाळा

आमच्या छोट्या स्टुडिओत 'टेस्टिंग झालं' असं आम्ही म्हणायचो, तेव्हा ते आम्ही मोठ्यांनीच केलेलं असायचं. बटण कुठे आहे ते आम्हाला ठाऊक, बोटही नेमकं पडायचं. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात टॅबलेट दिला आणि खरे दोष तेव्हा दिसले.

हमखास येणारी तक्रार म्हणजे 'स्क्रीन अडकते'. बऱ्याचदा ती अडकलेली नसते. लहान मूल टॅबलेट दोन्ही हातांनी धरतं, त्याचा एक अंगठा कडेला स्क्रीनवर टेकलेलाच राहतो. तुमचा कोड फक्त पहिला टच मोजत असेल, तर तो अंगठाच पहिला ठरतो आणि पुढचे सगळे टॅप वाया जातात. प्रत्येक बोटाचा हिशेब वेगळा ठेवा, कडेला स्थिर असलेला टच सोडून द्या. चित्र ओढून जागेवर नेण्याच्या खेळात तर मुलाचं बोट मध्येच उचललं जाणारच. तेव्हा तुकडा टुणकन मूळ जागी परत गेला की मूल हिरमुसतं. सुटला तिथेच राहू द्या, योग्य जागेच्या आसपास आला तरी बसवून घ्या. बटणाचं किमान माप ॲपल 44 पॉइंट आणि अँड्रॉइड 48 डीपी सांगतं (पॉइंट आणि डीपी ही स्क्रीनवरच्या मापाची एककं); लहानग्यांसाठी आम्ही त्याच्या दुपटीखाली जात नाही.

आमची सर्वांत मोठी चूक मात्र कोडमध्ये नव्हतीच. फुलं मोजण्याच्या खेळात उत्तर चुकलं की बेडूक धपकन पाण्यात पडायचा. बरोबर आलं तर नुसता एक तारा. एक मुलगी पुन्हा पुन्हा चुकीचाच आकडा दाबत होती. आम्हाला वाटलं, तिला मोजता येत नाही. जवळ जाऊन ऐकलं, तर ती हळूच 'पाच' म्हणायची, मग तीनवर बोट ठेवायची आणि खळखळून हसायची. चुकणं हेच बक्षीस झालं होतं! आता बेडूक बरोबर उत्तराला उडी मारतो. चुकलं तर फुलं एकेक करून मोजून दाखवली जातात, शांतपणे, कर्कश 'टूंऽऽ' न वाजवता. तीन पर्याय न मोजता एकेक करून दाबत गेलं तरी तिसऱ्या खेपेपर्यंत उत्तर सापडतंच, म्हणून आम्ही फक्त पहिल्या प्रयत्नातलं बरोबर उत्तर मोजतो.

'आवाजच येत नाही' अशी तक्रार आयफोनवरून आली, तर ऑडिओ सेशन, म्हणजे ॲपचा आवाज कसा वागेल ते ठरवणारी आयफोनची सेटिंग, कोडमध्ये बघा. प्रकार 'ॲम्बियंट' असेल तर सायलेंट मोडमध्ये आवाज बंद होतो, 'प्लेबॅक' ठेवला तर होत नाही. वाचता न येणाऱ्या मुलाला सूचना ऐकूच आली नाही, तर पुढे सगळं ठप्प.

अक्षरांच्या ॲपमध्ये फाँट नीट तपासा. काही गेम इंजिनं देवनागरीची मांडणी नीट करत नाहीत. 'कि'मधली वेलांटी क च्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षरं फुटतात. अक्षर शिकवणाऱ्या ॲपने चुकीचं अक्षर दाखवावं, हे मला सहनच होत नाही. अक्षरांची मांडणी (शेपिंग) नीट करणारी हार्फबझसारखी लायब्ररी वापरा, किंवा मोजकीच अक्षरं असतील तर सरळ चित्रं करून टाका.

जुन्या टॅबलेटवर ॲप आपोआप बंद पडत असेल तर चित्रांकडे बघा. 2048 × 2048 पिक्सेलचं चित्र फाइल म्हणून कितीही लहान असो, कॉम्प्रेस न करता मेमरीत 16 एमबी घेतं.

स्टोअरने ॲप परत पाठवलं, तर बऱ्याचदा बाहेरून जोडलेली एखादी एसडीके, म्हणजे दुसऱ्या कंपनीचा तयार कोड, कारणीभूत असते. केवळ मुलांसाठी असलेल्या ॲपमधून अँड्रॉइडचा जाहिरात आयडी (जाहिरातींसाठी असलेला डिव्हाइसचा ओळख क्रमांक) बाहेर पाठवायला गुगल प्लेची मनाई आहे, आणि ॲनालिटिक्सची, म्हणजे वापराची आकडेवारी गोळा करणारी, लायब्ररी तो तुमच्या नकळत पाठवत असू शकते. ॲपलच्या किड्स विभागात बाहेरच्या लिंका आणि खरेदी 'पॅरेंटल गेट'मागेच, म्हणजे फक्त मोठ्यांनाच पार करता येईल अशा अडथळ्यामागेच हवी.

आणि मूल खेळत असताना शेजारी बसलेल्या पालकांना आधीच विनंती करा: दहा मिनिटं 'इथे दाब, इथे' असं म्हणू नका. मूल जिथे थांबतं, तिथलाच स्क्रीन आधी दुरुस्त करायचा असतो.