मुठीवरचा काळा थर गंजच असतो असं नाही

जुनी तलवार हातात आली की नवशिक्याचं लक्ष आधी पात्यावर जातं. माझंही गेलं. मामांच्या वाड्यात माळ्यावर पडलेली तलवार होती. पातं तीन दिवसांत मार्गी लागलं: तेल, पितळेची बोथट पट्टी, सुती चिंधी आणि सबुरी. बोटाला लागणारा तांबडा गंज काढायचा, घट्ट बसलेला काळपट थर राहू द्यायचा. एवढं तुम्हाला ठाऊक असेलच.

घात झाला मुठीवर. ती काळीठिक्कर होती, म्हणून गंज समजून स्टील वूलने घासली. दहा मिनिटांनी चिंधीवर राखाडी भुकटी आली, आणि तिच्यात केसासारखे बारीक चकाकते तुकडे. चांदी! मुठीवर कोफ्तगिरी होती, म्हणजे तारेची नक्षी. कोफ्तगिरीत पोलादावर आधी बारीक आडव्या-उभ्या रेघा ओढतात आणि त्या खरखरीत जाळीवर सोन्या-चांदीची तार ठोकून बसवतात. झाळून डाग दिलेला नसतो, डिंकही नसतो. तार धरून ठेवते ती फक्त जाळी. चांदी काळी पडते, शेजारचं पोलादही काळं, नुसत्या डोळ्यांना दोन्ही एकच. परजेवरची, म्हणजे मुठीच्या हात झाकणाऱ्या भागावरची, अर्धी वेल माझ्या हाताने गेली. आज तिथे नुसती जाळी आहे, आणि ती बघताना अजून पोटात कालवतं.

म्हणून आधी भिंग घ्या. टॉर्च आडवी धरून मुठीचा प्रत्येक भाग बघा: वाटी (मुठीच्या टोकाची गोल तबकडी), परज, वाटीची खालची बाजूसुद्धा. कुठेही रेघांची जाळी दिसली की हात मागे. काळ्यात एखादी कड गुळगुळीत, किंचित उचललेली वाटली तरी हात मागे. खात्री होईपर्यंत मूठ घासायचीच नाही.

मूठ पाण्यात बुडवू नका, तापवूही नका. पात्याचं शेपूट, म्हणजे मुठीत शिरणारं टोक, आत बहुधा लाखेने बसवलेलं असतं. लिंबू, चिंच, व्हिनेगर सुचवणाऱ्यांपासून लांब राहा. बफिंगवाल्याच्या तर दारातही जाऊ नका, फिरंगी पात्यावरचे कारागिरांचे ठसे तिथे कायमचे पुसले जातात. माझं स्पष्ट मत आहे, पहिल्याच दिवशी हातात पॉलिश पेपर देणारा गुरू सोडून द्यावा. मला पुढे भेटलेल्या बाईंनी दोन आठवडे नुसती मूठ कागदावर काढायला लावली. तेव्हा राग आला होता, पण बघायला मी तिथेच शिकले.

घाबरू मात्र नका. पुसून, तेलाचा पातळ हात देऊन ठेवलेली तलवार तुमचा निर्णय होईपर्यंत थांबते. चामड्याच्या म्यानात परत घालू नका, ते ओल धरतं. आणि खंडेनवमीला ओल्या बोटाने लावलेलं हळदकुंकू त्याच संध्याकाळी पुसून काढा.