युद्धविमानाचं साइड प्रोफाइल, म्हणजे बाजूने दिसणारं सपाट चित्र, काढताय? या चुका टाळा

ओझरहून उडणारी मिग बघत मोठ्या झालेल्या नाशिककराला विमानाचं चित्र फसलंय हे चटकन कळतं. काय फसलंय ते मात्र सांगता येत नाही. शेडिंग झकास, रिव्हेट मोजून घ्यावेत इतके, तरी विमान खोटं वाटतं. दोष बहुधा ब्रशचा नसतो. एकाच चित्रात तीन वेगवेगळी विमानं मिसळलेली असतात.

मिग-२१चंच बघा. एफएल, एम आणि बिस ही तिची तिन्ही रूपं ओझरच्या एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) कारखान्यात तयार झाली. १९७१च्या लढाईत गाजलं ते एफएल. पण शोधायला गेलं की आधी हाती लागतात बिस आणि बायसनचे (बिसच्याच सुधारित रूपाचे) फोटो. त्यावरून बाह्यरेषा घेतली, वर १९७१चा नंबर टाकला, की चित्र तिथेच संपलं. एफएलचा पाठीवरचा उंचवटा सडपातळ आहे, नंतरच्यांचा जाड. एफएलची कॅनॉपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) एकसंध आणि पुढच्या बाजूला उलटणारी. एम आणि बिसला विंडशील्ड वेगळी असून कॅनॉपी उजवीकडे उघडते. नाकावरची पिटो नळी (हवेतला वेग मोजणारी) एफएलला वर मधोमध, पुढच्या रूपांत उजवीकडे सरकलेली. पंखांखाली एफएलला दोनच पायलॉन (शस्त्रं टांगायचे आधार), एमला आणि बिसला चार. शिवाय एफएलला अंगची तोफ नव्हतीच, म्हणून पोटाखाली जीपी-९ हा गनपॉड (तोफेची पेटी) लटकवत. इंधनाची जादा टाकीही तिथेच लागायची. दोन्ही एकदम दाखवलेली चित्रं मी कितीतरी पाहिली आहेत आणि दर वेळी त्यांना शेकड्याने लाइक्स असतात.

म्हणून सुरुवात सॉफ्टवेअरपासून नको, शेपटीवरच्या नंबरापासून करा. कोणतं विमान, कोणतं स्क्वाड्रन, साधारण कोणता महिना. त्या विमानाचा एक फोटो मुख्य पुरावा माना आणि बाकी सगळे साक्षीदार. मुख्य फोटोत दिसत नाही ते त्याच रूपाच्या दुसऱ्या विमानावरून घ्या, दुसऱ्या रूपावरून कधीच नको. रंगांच्या बाबतीत तर हे जास्तच पाळावं लागतं. १९७१च्या सुमारास चकचकीत धातूच्या बऱ्याच एफएलवर घाईघाईने कॅमोफ्लाज चढवलं गेलं. एकाचे पट्टे दुसऱ्याशी जुळतीलच असं नाही.

फोटोवरून सरळ ट्रेस करणं

साइड प्रोफाइलमध्ये पर्स्पेक्टिव्ह नसतो. म्युझियममध्ये मोबाइल घेऊन पाच-सात फुटांवरून काढलेल्या फोटोत मात्र तो भरपूर असतो. समोरचा भाग फुगतो आणि शेपूट आखडते. बाह्यरेषा स्केल ड्रॉइंगवरून घ्या आणि तेही ज्ञात लांबीशी ताडून पाहा, कारण नेटवरची अनेक ड्रॉइंग स्कॅन करताना ताणली गेलेली असतात. ओझरच्या कुंपणाबाहेरून फोटो काढायचा मोह आवरा. ते संरक्षण क्षेत्र आहे.

फ्लिप हॉरिझॉन्टल

डावी बाजू पूर्ण झाली की एका क्लिकवर उजवी तयार! इथे सगळ्यात जास्त घोटाळे होतात. कॅमोफ्लाज दोन्ही बाजूंना सारखं नसतं, हे बहुतेकांना माहीत असतं. पण दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश स्पिटफायरचं कॉकपिटचं छोटं दार फक्त डावीकडे असतं, आणि जर्मन मेसरश्मिट १०९च्या सुपरचार्जरचं (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या यंत्राचं) हवेचं तोंडही डावीकडेच. फ्लिपबरोबर प्रोपेलरच्या पात्यांचा पीळही उलटतो. मर्लिन इंजिनाच्या स्पिटफायरचा पंखा वैमानिकाच्या जागेवरून घड्याळाच्या दिशेने फिरतो आणि ग्रिफन इंजिनाच्या मार्क १४चा उलटा. म्हणजे नकळत इंजिनच बदललं!

आणखी एक गंमत होते. नंबर आरशातल्यासारखा दिसतो म्हणून चिन्हांचा अख्खा लेयर परत सरळ केला जातो, आणि मग शेपटीवरचे तिरंगी पट्टे उलटतात. भारतीय विमानांवर केशरी पट्टा दोन्ही बाजूंना पुढच्या कडेला असतो. नंबर आणि पट्टे वेगवेगळ्या लेयरवर ठेवले तर ही भानगडच उरत नाही.

काळ्या रेघा

नॅट हे छोटं लढाऊ जेट साधारण ८.७ मीटर लांब. ते ६००० पिक्सेलवर काढलं तर एक पिक्सेल म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर. आता चार पिक्सेलची काळीकुट्ट पॅनेल लाइन (पत्र्यांमधल्या सांध्याची रेघ) ओढा: सहा मिलिमीटरची फट झाली. असं विमान कुठल्याही इन्स्पेक्टरने हँगरबाहेर सोडलं नसतं. रेघ एका पिक्सेलची, खालच्या रंगाचीच पण थोडी गडद ठेवा आणि लेयर मल्टिप्लायवर (खालचा रंग गडद करणाऱ्या मोडवर) अर्ध्याहून कमी ओपॅसिटीने, म्हणजे अर्धपारदर्शक, लावा. उघडझाप होणारी झाकणं आणि हलणारे भाग तेवढे जरा ठळक. शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा तर जवळपास वापरूच नका.

कृष्णधवल फोटोवरून रंग ओळखताना सावध राहा. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल जवळपास काळा येतो, पिवळा गडद होतो आणि निळा फिका पडतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवरच्या हरिकेन-स्पिटफायरच्या चिन्हांमधून लाल रंग काढूनच टाकला होता, जपानी चिन्हाशी गल्लत होऊ नये म्हणून. तिथे गडद आणि फिका निळा असे दोनच रंग उरले. तुमच्या त्या काळातल्या ब्रह्मदेशी स्पिटफायरवर लाल ठिपका असेल तर बहुधा तो इंग्लंडमधल्या फोटोवरून आला आहे.

मळ आणि झीज हा हौसेचा विषय, आणि हौसेला मोल नसलं तरी तारतम्य असावं. गंजाचा ब्रश अ‍ॅल्युमिनियमवर चालवू नका. धुराचा डाग हवेच्या दिशेने मागे जातो. हंटर या लढाऊ जेटच्या नाकाखालच्या चार ३० मिलिमीटर तोफांची काजळीही तशीच मागे पसरते. पंखाच्या मुळाशी, जिथे माणसं चढतात, तिथे रंग उडतो. नाशिकमध्ये या बाबतीत एक मोठी सोय आहे: विमानांवर उभा जन्म काम करून निवृत्त झालेले कुणाचे ना कुणाचे काका ओळखीत असतातच. कोणतं झाकण रोज उघडायचं, तेल कुठून झिरपायचं हे त्यांना तोंडपाठ असतं. चित्र त्यांना दाखवा. फक्त रंगाच्या छटेबद्दल त्यांच्या आठवणीवर विसंबू नका.

चाकं खाली असतील तर वजनाने शॉक अ‍ॅब्सॉर्बर दबलेले आणि टायर जरा चपटलेले हवेत. चाकं आत असतील तर कॉकपिटमध्ये वैमानिक बसवा, हेही विसरणारे आहेत.

प्रिंट काढायचं असेल तर ए-३ आडव्या कागदाला ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) सुमारे ४९६० पिक्सेल रुंदी लागते, म्हणजे ६००० पिक्सेलचं काम पुरतं. स्क्रीनवरचा गडद हिरवा मात्र छापल्यावर बऱ्याचदा काळपट होतो. प्रिंटवाल्याकडे अख्खं चित्र देण्याआधी त्याच कागदावर कॅमोफ्लाजच्या रंगांची एक पट्टी काढून घ्या, ती दुकानाबाहेर उजेडात नेऊन बघा आणि मगच फाइलमधली हिरव्याची छटा उजळवा.