गोल खाल्ला: चूक कीपरची की डिफेन्सची?

फुटबॉलचा सामना हरून गोव्यातल्या फातोर्ड्याच्या स्टेडियममधून निघताना सुरू झालेला वाद गावच्या तिंट्यावर (नाक्यावर) पोचेपर्यंत ‘कीपरनेच घालवलं’ इथे येऊन थांबतो. चेंडू जाळ्यात जाताना शेवटचा तोच दिसतो ना! निवाडा करताना मात्र त्याच्याकडे सर्वांत शेवटी यावं.

व्हिडिओ गोलच्या दहा-पंधरा सेकंद मागे न्या आणि आपल्याकडून चेंडू कुठे सुटला ते शोधा. मिडफिल्डमधला आडवा पास कापला गेला आणि दोन्ही साइड बॅक (कडेचे बचावपटू) वर चढलेले असले, तर सेंटर बॅक (मधले बचावपटू) उघडे पडणारच. मग समोरच्या संघाचा खेळाडू पास देत होता तेव्हा त्याच्या अंगावर कोणी गेलं होतं का, ते पाहा. त्याला मान वर करून बघायला वेळ मिळत असेल तर बचावफळीने मागे सरकायचं असतं. ती वरच उभी राहिली तर पाठीमागची मोकळी जागा त्याला आयतीच मिळते.

ऑफसाइडचा, म्हणजे पास सुटताना स्ट्रायकर बचावफळीच्या पुढे होता का याचा, वाद असेल तर पास पायातून सुटतो नेमक्या त्या क्षणी चित्र थांबवा. चेंडू स्ट्रायकरकडे पोचल्यावर थांबवलं तर तो धावत पुढे गेलेला असतो आणि बघणारा फसतो. बचावफळीतल्या चौघांपैकी एक जण पाऊलभर मागे राहिला, तरी स्ट्रायकर ऑनसाइड होतो.

आता कीपर. तिरक्या कोनातून, जवळच्या खांबाकडून गोल गेला तर बहुतेक वेळा चूक त्याचीच. पण आधी चेंडू वाटेत कुणाच्या पायाला लागून वळला का, आणि समोरच्या गर्दीत त्याला तो दिसत तरी होता का, हे तपासा. क्रॉसच्या (कडेवरून गोलसमोर मारलेल्या चेंडूच्या) बाबतीत, गोलपासून 5.5 मीटरच्या छोट्या बॉक्समध्ये उंच, सावकाश येणारा चेंडू कीपरचा. 11 मीटरवरच्या पेनल्टी स्पॉटपाशी पडणारा डिफेन्सचा. भांडण होतं ते मधल्या पट्ट्यावरून. तिथे कीपर बाहेर निघून अर्ध्यात थांबला तर दोष त्याला द्या. तो जागेवर राहिला आणि हेडर मारणारा मोकळा सुटला असेल तर मार्किंग, म्हणजे त्याच्यावर पाळत ठेवणं, कुणाचं होतं ते विचारा.

अडवलेला चेंडू परत येऊन गोल झाला, तर तो कुठल्या दिशेला गेला होता ते बघा. समोर मधोमध ढकलला असेल तर कीपर चुकला. बाजूला ढकलूनही समोरच्या संघाचाच खेळाडू आधी पोचला तर डिफेंडर थिजले होते. पावसाळ्यात ओल्या मैदानावर चेंडू टप्पा घेऊन घसरत येतो, तेव्हा तो छातीशी धरण्याचा हट्ट महागात पडतो. बाजूला ढकलणंच बरोबर. कापणी झालेल्या शेतातल्या सामन्यात वेड्यावाकड्या टप्प्याने गेलेला गोल कुणाच्याच माथी मारू नये.

20 डिसेंबर 2015 ची फातोर्ड्यावरची आयएसएल (इंडियन सुपर लीग) फायनल अजून सलते. एफसी गोवा 2-1 ने पुढे, 90 व्या मिनिटाला बरोबरी, मग भरपाई वेळेत चेन्नईयिनच्या मेंडोझाचा गोल आणि चेन्नईयिन 3-2 ने विजेते. बरोबरीचा गोल गोव्याचे कीपर लक्ष्मीकांत कट्टीमणी यांचा स्वयंगोल म्हणून नोंदला गेला. पण स्वयंगोल या नोंदीतून चेंडू कुणाला लागून आत गेला एवढंच कळतं. तो तिथवर कसा आला ते कळत नाही. तिसऱ्या गोलचा निवाडा वेगळाच करायला हवा: बरोबरी झाल्यावर कोण कुठे उभं होतं, तिथून सुरुवात करून.