चारच्या भुकेला कडक भाकरी

दुपारी चारला पोटात कावळे ओरडायला लागतात आणि ऑफिसात हाताशी असतात बिस्किटं, नाहीतर खालच्या गाड्यावरची भजी. आपल्या सोलापुरात याला सोपा उतारा आहे: ज्वारीची कडक भाकरी. कोरडी असल्याने फ्रिजशिवाय टिकते, आणि चावायला वेळ लागतो म्हणून थोडक्यात भागतं.

१. भाकरी घरीच लहान तुकड्यांत मोडा आणि चाळणीत घालून हलवा, म्हणजे चुरा खाली पडतो. हे टाळलं की तो कीबोर्डमध्ये जातो. मग बसा उलटा करून झटकत.

२. तुकडे घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.

३. शेंगा चटणीचं पाकीट टेबलावर आणू नका. छोट्या डबीत दोन चमचे, बस्स. पाकीट समोर असलं की हात थांबत नाही.

४. चटणीत दही कालवा, झणका उतरतो. उन्हाळ्यात घरून नेलेलं दही चारपर्यंत आंबटढाण होतं. त्यापेक्षा सकाळी कोमट दुधाला विरजण लावून स्टीलची डबी न्या. दुपारपर्यंत दही लागतं, फक्त एसीच्या झोताखाली ठेवू नका.

पाण्याला मोठ्या बाटलीऐवजी पेला ठेवा. भरायला उठावं लागतं, तेवढेच पाय मोकळे होतात. मे महिन्यात पारा ४० च्या वर गेला की मात्र बाटलीच बरी.

बीपी असलेल्यांनी विकतच्या चटणीतलं मीठ ध्यानात घ्यावं. दाताला कॅप असेल तर तुकडा आधी दह्यात भिजू द्या.