एसटीएम३२ मध्ये बूटलोडरद्वारे फर्मवेअर भरताना

एसटीएम३२एफ१०३ या मायक्रोकंट्रोलर चिपच्या सिस्टिम मेमरीत कारखान्यातच एक बूटलोडर (चिपमध्ये नवा प्रोग्रॅम भरून घेणारा छोटा प्रोग्रॅम) भरलेला असतो, आणि तो पुसता येत नसल्यामुळे आपले फर्मवेअर (चिपमधला मुख्य प्रोग्रॅम) कितीही बिघडले तरी चिप पुन्हा ताब्यात घेता येते. त्यासाठी बूट० पिन ३.३ व्होल्टला व बूट१ ग्राउंडला जोडून रीसेट द्यावा.

हा बूटलोडर यूएसएआरटी१ या सीरियल पोर्टवर ऐकतो. म्हणून यूएसबी-सीरियल कन्व्हर्टरचा टीएक्स (पाठवणारी तार) चिपच्या पीए१० पिनला, आरएक्स (घेणारी तार) पीए९ ला जोडावा आणि दोन्हींचे ग्राउंड एकत्र करावे. संगणकाकडून हेक्साडेसिमल ७एफ हा बाइट गेला की बूटलोडर त्यावरून बॉड रेट (सीरियल संवादाचा वेग) ओळखतो आणि ७९ पाठवून होकार देतो. १एफ आल्यास तो नकार समजावा. स्वतःचा प्रोग्रॅम लिहिणारे येथे बहुधा पॅरिटीवर (चूक ओळखण्यासाठीच्या जादा बिटवर) अडखळतात, कारण सवयीने पॅरिटी बंद ठेवली जाते, तर बूटलोडरला आठ डेटा बिट्ससोबत इव्हन पॅरिटी हवी असते. एका वेळी जास्तीत जास्त २५६ बाइट लिहिता येतात. संगणकावर ‘एसटीएम३२फ्लॅश’ हे सॉफ्टवेअर वापरल्यास हे तपशील ते सांभाळते; लिहिलेले पडताळून पाहण्याचा पर्याय मात्र आपण आवर्जून द्यावा. काम झाल्यावर बूट० पुन्हा ग्राउंडला जोडावी.

याच चिपच्या ‘ब्लू पिल’ बोर्डावर यूएसबी सॉकेट असले तरी या कारखानी बूटलोडरला यूएसबी येत नाही. एसटीएम३२एफ४०७ मध्ये ती सोय आहे: पीए११ व पीए१२ वरून ‘डीएफयू-युटिल’ हे यूएसबीने फर्मवेअर भरणारे सॉफ्टवेअर चालते, पण बाह्य क्रिस्टल (घड्याळाचे ठोके देणारा भाग) लागतो. त्याच चिपवर कॅन (वाहनांत वापरली जाणारी संवादवाहिनी) हीसुद्धा चालते, मात्र ट्रान्सीव्हर (तारेशी जोडणारी वेगळी चिप) आवश्यक आहे.

शेतातल्या पंपाच्या पेटीत बंद असलेल्या बोर्डाची बूट० पिन कोण बदलणार? तेथे आरएस-४८५ या लांब तारांवर चालणाऱ्या सीरियल वाहिनीवर ऐकणारा स्वतःचा बूटलोडर लिहावा लागतो. त्याला फ्लॅशचे पहिले १६ किलोबाइट द्यावेत, मुख्य प्रोग्रॅम त्यापुढे ठेवावा, आणि लिंकर स्क्रिप्टमधला (प्रोग्रॅम मेमरीत कोठे बसेल हे ठरवणाऱ्या फाइलमधला) पत्ता बदलताना व्हेक्टर टेबलचा (कोणत्या इंटरप्टला कोठे जायचे याच्या यादीचा) पत्ताही बदलावा. हे दुसरे काम राहिले, तर पहिला इंटरप्ट (चालू काम थांबवणारा संकेत) येताच नियंत्रण भलत्याच ठिकाणी जाते. मुख्य प्रोग्रॅमकडे उडी मारण्यापूर्वी सिसटिक (चिपमधला टायमर) आणि सुरू केलेले सर्व इंटरप्ट बंद करावेत.

माझ्या मते वाहिनी कोणती, यापेक्षा मध्येच वीज गेल्यास काय होते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. म्हणून ‘प्रोग्रॅम वैध’ ही खूण जुने फर्मवेअर पुसण्याआधी काढून टाकावी, आणि नव्या फर्मवेअरचा सीआरसी (माहिती बिघडली नाही हे तपासणारी संख्या) जुळल्यानंतरच पुन्हा लिहावी. बोर्ड पेटीत बसवण्याआधी अपडेट चालू असताना वेगवेगळ्या क्षणी वीज तोडून, प्रत्येक वेळी बूटलोडर परत उत्तर देतो का, ते तपासावे.