जलचक्र शिकवताय? या चुका टाळा

सर्वांत जुनी चूक शेगडीची. बाष्पीभवन दाखवायचं म्हणून वर्गात पातेलंभर पाणी उकळायचं. एका तासिकेत उरकतं, म्हणून नव्या शिक्षकांना भारी आवडतं. मुलं मात्र एवढंच डोक्यात घेऊन जातात की उकळल्याशिवाय पाणी उडत नाही. मग चौथीतली एखादी मुलगी विचारते, "मिरामारचा समुद्र कुठे उकळतो?" तेव्हा पळापळ होते.

मी शेगडी नेतच नाही, खड्याच्या मिठाची पुडी नेतो. आपल्या गोव्यात आगरवाडा, रायबंदरच्या मिठागरांत भरतीचं खारं पाणी उथळ वाफ्यांत घेतात आणि पुढचं काम ऊन-वारा करतात. चूल कोणी पेटवत नाही. पाणी उडून जातं, मीठ खाली राहतं. समुद्र खारट असूनही पावसाचं पाणी गोडं का, हे वेगळं शिकवावंच लागत नाही. त्यानंतर ताटलीत आणि पेल्यात सारखंच मीठपाणी ओतून उन्हात ठेवतो. ताटली आधी सुकते, पेला रेंगाळतो. यात काही दिवस जातात. जाऊ देत. ज्यांना घंटा व्हायच्या आत निकाल हवा असतो, त्यांनी जादूचे प्रयोग करावेत.

दुसरी चूक जुलैतली प्लास्टिकची पिशवी. मोबाइलवर व्हिडिओ बघायचा, पिशवीत निळं पाणी भरायचं, ढग-सूर्य रंगवायचे आणि खिडकीला चिकटवायची. त्या व्हिडिओत लख्ख ऊन असतं, आणि आपल्याकडे धो धो पाऊस! गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलीमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. आभाळ भरलेलं असताना पिशवीतलं पाणी तापणार कसं? आतल्या-बाहेरच्या तापमानात फरकच उरत नाही, मग थेंब धरणार कुठून?

एका शाळेत पाहणीला अधिकारी येणार होते. आदल्या दिवशी लावलेली पिशवी सकाळी कोरडी ठणठणीत. वर्गातल्या बाईंनी गुपचूप ती उघडून आतून पाणी शिंपडलं. साहेब आले, बाईंनी थेंबांकडे बोट दाखवलं, "बघा, सांद्रीभवन!" (म्हणजे वाफेचं पुन्हा पाणी होणं.) मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, ते तुम्ही मारलेलं." साहेब हसले, बाईंचा चेहरा पडला. मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. प्रयोग का फसला, हा त्या दिवशीचा सर्वांत चांगला धडा होता आणि तोच दडपला गेला. पिशवी लावायचीच असेल तर डिसेंबर-जानेवारीत, ऊन येणाऱ्या खिडकीला लावा. जुलैत मुलांना त्यांचा न वाळणारा गणवेश पुरे. हवा आधीच ओलीचिंब, ती आणखी पाणी कुठे घेणार?

बर्फाच्या पेल्याबाहेर थेंब दिसले की निम्मा वर्ग म्हणतो, "पाणी झिरपलं." साध्या पाण्याऐवजी कोकमाचं सरबत घ्या. बाहेरचे थेंब लाल नसतात, वाद मिटतो.

ढग म्हणजे वाफ, हे सांगणं थांबवा. वाफ डोळ्यांना दिसत नाही; दिसतात ते बारीक जलकण. चोर्ला घाटात पावसाळ्यात गाडीतून गेलेली सत्तरी तालुक्यातली मुलं ढगाच्या आतून जाऊन आलेली असतात, त्यांनाच बोलतं करा.

ढग एकमेकांवर आपटून पाऊस पडतो, हेही नको. फळ्यावर हिमशिखरं काढू नका. आपल्याला सह्याद्री आहे. अरबी समुद्रावरचं ओलं वारं त्याला अडून वर चढतं, गार होतं आणि बरसतं.

समुद्र-ढग-डोंगर-नदी-समुद्र असा एकच गोल काढणाऱ्यांशी मात्र माझं भांडण आहे. समुद्रातून उडालेल्या पाण्यापैकी सुमारे ९० टक्के थेट समुद्रातच पडतं. डोंगरापर्यंत पोचलेलं सगळंही नदीला मिळत नाही. काही जांभ्या दगडाच्या भेगांतून खाली मुरतं, काही झाडं पिऊन पानांतून परत हवेत सोडतात. बाण फाटे फुटलेले काढा. आकृती घाणेरडी दिसली तरी चालेल.

आणि चाचणीत "जलचक्राची आकृती काढा" नको, ते पाठ करून येतात. घरच्या नळाचं पाणी साळावलीच्या धरणातून येतं की ओपाच्या पाणीपुरवठा केंद्रातून, आणि तिथे ते कसं पोचलं, हे विचारा. ज्यांच्या घरी विहीर आहे त्यांना विचारा, मे महिन्यात तळाला गेलेलं पाणी ऑगस्टमध्ये वर कसं आलं.